दिघोरीहून दिघोरीपर्यंत : एका दिवसाची राजधानी

पहाटेचे साडेचार वाजलेले. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी! दिघोरीच्या बसथांब्यावर एकेचाळीस मुलंमुली, तीन शिक्षक, पाण्याचे दोन कॅन आणि चिवड्याचा एक भलामोठा डबा, एवढी मंडळी लालपरीची वाट बघत कुडकुडत उभी होती. कुणाच्या डोक्याला मफलर, कुणाच्या अंगावर आजोबांचा स्वेटर. पण कंटाळा मात्र कुणाच्याच चेहऱ्यावर नाही. कारण आम्ही राजधानी बघायला निघालो होतो!

मित्रांनो, ही आमची दिघोरी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली, बरं का! चहूकडे धानाची शेतं, तळी आणि बोड्या. इथून मुंबई फार फार लांब. नागपूर मात्र बसने तीन-साडेतीन तासांवर. सहलीची कल्पनासुद्धा वर्गातल्या एका प्रश्नातूनच निघाली. मी विचारलं, "महाराष्ट्राची राजधानी?" सगळे ओरडले, "मुंबई!" "आणि उपराजधानी?" "नागपूर!" तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, उपराजधानी म्हंजे का जी? उपमुख्याध्यापकासारखं का?"

वर्ग खो खो हसला. मी पुस्तकातलं उत्तर देऊन टाकलं. पण खरं सांगू? माझं मलाच ते पटलं नाही. म्हटलं, चला, तिथं जाऊनच पाहू.

निघताना सातवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "सर, आपन दीक्षाभूमीवर जाऊ ना जी? आजीनं तिथल्या बोधिवृक्षाचं पान आनायला सांगितलं हाये. तोडायचं नाही म्हने. खाली पडलेलंच आनायचं."

मी म्हणालो, "नक्की जाऊ."

वाटेवरच्या गमती

लाखांदूर मागं पडलं आणि पवनीजवळ वैनगंगा लागली. उजाडत होतं. पाण्यावर धुकं तरंगत होतं. पवनी म्हणजे जुनं गाव. किती जुनं? तर १९६९-७० साली इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा दोन हजार वर्षांहूनही जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले! मुलांना म्हटलं, "स्तूप हा शब्द लक्षात ठेवा. संध्याकाळी पुन्हा लागेल."

मग भिवापूर आलं, मिरच्यांसाठी नावाजलेलं. पुढं उमरेड, कोळशाच्या खाणींचं गाव. याच बाजूनं पूर्वी नागभीडहून नागपूरला 'छोटी गाडी' जायची. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर! मोठ्या गाडीचं असतं १६७६. म्हणजे निम्म्याहूनही कमी. २०१९च्या नोव्हेंबरात ही गाडी थांबली आणि मार्ग रुंद करायला घेतला. ज्यांच्या आईबाबांनी या गाडीतून प्रवास केला असेल, त्यांनी घरी जरूर विचारा. गोष्टी ऐकायला मिळतील.

आणि नागपूर आलं. शहरात शिरताना एका मोठ्या चौकात बस थांबली. खिडकीतून बाहेर बघणारा एक जण एकदम ओरडला, "सर, आपन तं परत दिघोरीलेच आलो!"

सगळे खिडकीला चिकटले. खरंच की! दुकानांच्या पाट्यांवर ठळक अक्षरांत 'दिघोरी'! नागपुरात उमरेड रोडवर दिघोरी नावाची वस्ती आहे आणि तिथला चौक दिघोरी नाका म्हणून ओळखला जातो. झाली की नाही गंमत? आमच्या गावचं नाव राजधानीच्या दारावर! त्या दिवशी आमची मुलं नागपुरात पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी वागली. त्यात या पाट्यांचा वाटा मोठा होता.

पुढं एक पूल लागला. खालून काळं पाणी वाहत होतं. फेस, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि घाण वास. सगळ्यांनी नाकं दाबली. "हा कोनता नाला जी?"

"नाला नाही रे," मी म्हणालो, "ही नाग नदी. हिच्यावरूनच या शहराला नागपूर म्हणतात."

बस पुढं गेली. कुणी काही बोललं नाही. पण तो पूल मुलांच्या डोक्यात राहिला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

राजधानी कुणाची?

आधी थोडा इतिहास सांगतो. थोडाच हं!

सुमारे १७०२ साली देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं नाग नदीच्या काठची बारा लहान गावं एकत्र करून हे नगर वसवलं. त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानानं इथं राजधानी आणली, तटबंदी केली, तलाव बांधला. मग पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपूर आपल्या राज्याची राजधानी केली. १८५३ साली तिसरे रघूजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. एवढं कारण पुढं करून इंग्रजांनी सगळं राज्य गिळून टाकलं! १८६१ साली इंग्रजांनी 'मध्य प्रांत' तयार केला, त्याची राजधानी नागपूर. पुढं वऱ्हाड जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश राज्य झालं, त्याचीही राजधानी नागपूरच.

म्हणजे गोंड राजांची, भोसल्यांची, इंग्रजांची आणि मग स्वतंत्र भारतातल्या एका राज्याची, अशी चार वेळा राजधानी झालेलं हे शहर. आपला भंडारा जिल्हाही तेव्हा याच राज्यात होता.

"मंग ते राजधानी कोठी गेली जी?" तोच मागच्या बाकावरचा आवाज.

"थांब जरा. दाखवतो."

अंधारातले तारे

पहिला मुक्काम गांधीसागर तलावाकाठच्या रामन विज्ञान केंद्रात. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तरुणपणी ते सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हे ठाऊक होतं का?

हे केंद्र १९९२ साली सुरू झालं. इथं 'हात लावू नका' अशी ताकीद नाही. उलट, हात लावा, फिरवा, ओढा, दाबा! आरशांत कुणी बुटकं झालं, कुणी ताडासारखं उंच. बागेतल्या डायनोसॉरपुढं फोटो निघाले. मग तारांगण. हे १९९७ सालचं. दिवे मालवले आणि डोक्यावरच्या घुमटात हजारो तारे उगवले. "आ हा हा!" झालं. एवढ्यात अंधारातून कुणीतरी म्हणालं, "आपल्या गावात लाइन गेली का याच्याहून जास्त दिसतात!"

खरं होतं ते. दिघोरीचं आकाश नागपूरला नाही, एवढं त्या दिवशी आमच्या लक्षात आलं.

शून्य मैलाचा दगड

तिथून सीताबर्डीकडं. दुकानं, माणसं, गाड्या, हॉर्न! आणि या गजबजाटात एक टेकडी. तिच्यावर सीताबर्डीचा किल्ला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले. मग त्यांनी टेकडीवर किल्ला बांधला. आज तो भारतीय सैन्याच्या ताब्यात आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. आम्ही गेलो तो दिवस त्यातला नव्हता. त्यामुळं बाहेरूनच सलाम!

जवळच 'झिरो माइल' आहे. एक उंच दगडी खांब आणि शेजारी उधळलेले चार घोडे. खांबाजवळच्या षट्‌कोनी दगडावर गावांची नावं आणि अंतरं कोरली आहेत. हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, सिवनी ७९. इंग्रजांनी साऱ्या देशाची मोजणी केली, त्या काळची ही खूण. मैलांत अंतरं बघून मुलांनी लगेच वह्या काढल्या. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. मग हैदराबाद किती? तुम्हीही करा बघू!

"सर, हा भारताचा बरोबर मध्य हाये ना?" वर्गनायकानं विचारलं. असं सगळे म्हणतात खरं. पण मित्रांनो, गोष्ट तेवढी सोपी नाही. हा दगड बसवला तेव्हा भारताचा नकाशा वेगळा होता. पाकिस्तान, बांगलादेश हे देश तेव्हा वेगळे नव्हते. शिवाय वाकड्यातिकड्या आकाराचा मध्य कसा काढायचा, याच्याही निरनिराळ्या रीती आहेत. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात करौंदी नावाचं गाव आहे, तेही देशाचा मध्य म्हणून ओळखलं जातं. तेव्हा 'नागपूर देशाच्या मध्यावर आहे' हे ढोबळमानाने बरोबर. 'बरोबर या दगडाखाली' म्हणाल, तर वाद होईल!

तरी त्या खांबाला हात लावताना मजा वाटली. मुंबईहून हावड्याला जाणारी आणि दिल्लीहून चेन्नईला जाणारी, हे दोन्ही मोठे लोहमार्ग इथं नागपुरातच एकमेकांना भेटतात. सगळ्या देशाच्या वाटा जवळून जातात, म्हटल्यावर छाती थोडी फुगणारच!

विधानभवनासमोर

झिरो माइलपासून थोडं चाललं की विधानभवन. फाटकाबाहेरूनच पाहिलं. आणि इथं मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली.

१ नोव्हेंबर १९५६. भारतातली राज्यं भाषेप्रमाणं नव्यानं आखली गेली. मराठी बोलणारा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी झाली भोपाळ. एका दिवसात नागपूरचं राजधानीपण संपलं! कचेऱ्या, कागदपत्रं, अधिकारी, सगळे दुसऱ्या गावी. पुढं १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, राजधानी मुंबई.

पण त्याआधीच, १९५३ साली, मराठी प्रदेशांतल्या नेत्यांनी एक करार केला होता. 'नागपूर करार' म्हणतात त्याला. त्यात असं ठरलं की सरकारनं दरवर्षी काही काळ नागपूरला यायचं आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथं भरवायचं. म्हणून हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. मंत्री, आमदार, फायली, सगळं मुंबईहून इकडं! २०२० आणि २०२१ साली मात्र करोनामुळं ते मुंबईतच झालं.

"समजलं का आता उपराजधानी?" मी विचारलं.

तेव्हा एरवी कधीच न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "सर, माझे बाबा इथं आले होते. मोर्च्यात. धानाच्या बोनससाठी. दोन दिवस चना-मुरमुरे खाऊन राहिले होते."

सगळी मुलं त्याच्याकडं बघायला लागली. फाटकासमोरचा तो रस्ता एकदम ओळखीचा झाला. उपराजधानी का असावी, याचं माझं उत्तर पुस्तकातलं होतं. त्याचं उत्तर घरातलं होतं. दिघोरीच्या शेतकऱ्याला मुंबई गाठायची तर एक रात्र गाडीत काढावी लागते. नागपूरला तो सकाळी निघून दुपारी पोचतो आणि आपलं म्हणणं सांगू शकतो.

अजब बंगला आणि आकाशातली गाडी

जवळच मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला म्हणतात 'अजब बंगला'. १८६३ सालचा! मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात तो सुरू झाला. पेंढा भरलेले प्राणी, जुन्या तलवारी, नाणी, मूर्ती, शिलालेख, गोंड लोकांच्या वस्तू. पूर्वी खेड्यातून आलेले लोक हे सगळं बघून म्हणायचे, "अजबच आहे!" म्हणून अजब बंगला. आमच्या मुलांनाही वाघापुढून हलवावं लागलं. महाराजबागेत जायला मात्र वेळ उरला नाही. भोसल्यांच्या वेळची ही बाग, तिथं प्राणिसंग्रहालयही आहे. तुम्ही वेळ काढा.

डबे उघडले. पोळी-भाजी, ठेचा, चिवडा. वर संत्री! नागपूरला येऊन संत्रं नाही खाल्लं, असं कसं चालेल? सालं मात्र पिशवीत भरली. वर्गनायकाचा हुकूमच होता.

मग मेट्रो. नागपूरची मेट्रो २०१९ साली सुरू झाली. जमिनीच्या वर, खांबांवरून पळणारी गाडी! सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना काही जणींनी हात घट्ट धरले. एक जण तर "तुम्ही व्हा समोर जी" म्हणत तीनदा मागं सरला. पण गाडीत बसल्यावर खिडकीतून सीताबर्डीचा किल्ला, छपरं, झाडं दिसू लागली आणि सगळे गप्प झाले. झिरो माइलला बसलो, रहाटे कॉलनीला उतरलो. प्रवास काही मिनिटांचा, पण परतल्यावर गावात सगळ्यांत जास्त गप्पा याच्याच झाल्या.

दीक्षाभूमी

आता दिवस कलला होता. चालत दीक्षाभूमीवर पोचलो.

समोर पांढरा, भव्य स्तूप. बुटं काढली. आत गेलो तर अहो आश्चर्य! स्तूप आतून पोकळ! सांचीचा स्तूप भरीव आहे. तशाच घाटाचा हा स्तूप, पण आत हजारो माणसं उभी राहतील एवढा मोठा. घुमट सुमारे १२० फूट उंच. वास्तुविशारद शिवदानमल यांनी त्याचा आराखडा केला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सकाळी पवनीला सांगितलेला शब्द मुलांना आठवला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या वैनगंगेकाठी स्तूप होता आणि आज इथंही आहे!

याच जागी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो माणसांना दिली. ज्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, देवळात जाऊ दिलं जात नव्हतं, अशी ती माणसं. पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं आली होती. त्यानंतर अठरा दिवसांनी नागपूरची राजधानी गेली. एकाच शरदात दोन गोष्टी! एकीची आठवण सरकारी कागदात राहिली. दुसरीची आठवण घेऊन आजही दरवर्षी लाखो लोक इथं येतात.

"माझी आजी आली होती," ती मुलगी म्हणाली. "पाच वर्षांची होती. तिच्या बाबाच्या खांद्यावर बसून. तिले फक्त पांढऱ्या कपड्यांची गर्दी आठवते. आता गुडघे दुखतात म्हून येववत नाही."

श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचं रोप आणून इथं लावलं होतं, त्याचा आता मोठा वृक्ष झाला आहे. ती त्याच्यापाशी गेली आणि खाली शोधू लागली. बराच वेळ एकही पान मिळेना. आवार स्वच्छ झाडलेलं! तिचा चेहरा पडला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि एक पिवळसर पान गिरक्या घेत खाली आलं. तिनं ते उचललं, भूगोलाच्या वहीत ठेवलं आणि वही छातीशी धरली.

पुन्हा तो पूल

परतीच्या वाटेवर बस पुन्हा त्याच पुलावर आली. यावेळी कुणी नाकं दाबली नाहीत. मागच्या बाकावरच्या पठ्ठ्यानं विचारलं, "सर, हे पानी जाते कोठी?"

मी नकाशा काढला. नाग नदी नागपूरच्या पश्चिमेच्या टेकड्यांतून निघते. शहरातून पूर्वेला वाहते. पुढं कन्हान नदीला मिळते. आणि कन्हान?

त्याचं बोट नकाशावर सरकत गेलं आणि थांबलं. "वैनगंगेले! सर, हे आपल्याच नदीत येते!"

बसमध्ये एकदम शांतता. कन्हान वैनगंगेला मिळते, ते पाणी गोसीखुर्दच्या धरणात येतं आणि तिथून पवनीला. आमच्या तालुक्यातली चुलबंदही त्याच वैनगंगेला मिळते. सकाळी ज्या नदीवरचं धुकं बघून मुलं हरखली होती, तिच्यात या पुलाखालचं पाणी मिसळतं. मोठ्या शहरानं बादलीभर सांडपाणी ओतलं, तर ते नाहीसं होत नाही. दुसऱ्या कुणाच्या गावाला जातं.

मी त्यांना हेही सांगितलं की सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं नागपुरात आहेत, नाग नदी स्वच्छ करण्याची मोठी योजनाही मंजूर झाली आहे. काम अवघड आहे, वेळ लागेल. तेव्हा वर्गनायक म्हणाला, "पन सर, आपन बी तं चुलबंदीत पिशव्या फेकतो. मंग ते कोनाच्या गावाले जातात?"

या प्रश्नावर मला काही सांगावं लागलं नाही.

रात्री साडेआठला पवनीच्या पुलावर मुलांनी बस थांबवायला लावली. ड्रायव्हरकाकांनीही लगेच थांबवली. अंधारात वैनगंगा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. दोन मिनिटं थांबलो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन पत्रं लिहून झाली. एक नागपूर महानगरपालिकेला, नाग नदीबद्दल. दुसरं आमच्याच ग्रामपंचायतीला, चुलबंदीबद्दल. आणि ते पान? आजीनं ते बुद्धाच्या फोटोजवळ ठेवलं आहे, असं कळलं.

जाणार असाल तर...

सहल हिवाळ्यात काढा, नागपूरचं ऊन भारी असतं! सोमवार टाळा, संग्रहालयं बहुधा त्या दिवशी बंद असतात. एक दिवस जास्त असेल तर मोतीबागेतलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आणि फुटाळा तलाव पाहा. दीक्षाभूमीवर शांतता पाळा.

आणि हो, तुमच्या गावाची नदी कुठून येते आणि पुढं कुणाच्या गावाला जाते, ते नकाशात शोधा. सापडलं की आम्हाला जरूर कळवा!